घोडीचा नंबर

भोसरीच्या घाटात गाड्यापुढे घोडी पळते. ज्याने हे पाहिलेले नाही त्याला समजावून सांगणे जरा अवघडच आहे, पण सांगितल्याशिवाय जयसिंगची गोष्ट पुढे सरकायची नाही. हा घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, शर्यतीसाठी राखलेली चढाची माती. चार बैल जुंपलेला हलका गाडा, गाड्यात माणूस नाही. बैलांच्या पुढे एक घोडी आणि घोडीवर एक गडी. निशाण पडले की घोडी सुटते, तिच्या ओढीने बैल सुटतात आणि दहा-बारा सेकंदांत सगळा खेळ आटोपतो. घोडीवरच्याने फार पुढे जायचे नाही, बैलांचा हुरूप जातो. फार मागेही राहायचे नाही, शिंगे पाठीत बसतात. मागे वळून तर बघायचेच नाही. मागच्या घुंगरांच्या आवाजावर अंतर राखायचे, बस्स.

एकोणीसशे बासष्टच्या जत्रेत जयसिंग एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या बापाची, सोनबाची, तांबडी घोडी आसपासच्या गावांत नावाजलेली. शर्यतीचे बैल मात्र त्यांच्याकडे नव्हते. त्या वर्षी साहेबरावांच्या गाड्यापुढे जयसिंगने घोडी पळवली आणि साहेबरावांचा गाडा पहिला आला. डफ वाजला, सनई वाजली, साहेबराव गुलालाने इतके माखले की त्यांच्या बायकोनेही त्यांना ओळखले नसते. बैलांना हार पडले. जयसिंग घोडीचा लगाम धरून कडेला उभा होता आणि त्याच्याकडे कुणाचेही लक्ष नव्हते.

"आबा, शेवटच्या निशाणापाशी समद्यांच्या आदी मी पोचलो," तो बापाला म्हणाला.

सोनबा घोडीची पाठ चोळत होता. तरुणपणापासून तीस वर्षे त्यानेही गाड्यांपुढे घोडी पळवलेली. "घोडीचा नंबर नसतो रं," तो म्हणाला. "मागचं समदं आलं का? कुठला बैल अडखळला न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग झालं की."

झालं की! जयसिंगला त्या दोन शब्दांचा असा संताप आला की रात्री तो धड जेवला नाही. त्याने मनाशी गाठ बांधली, आयुष्यात एकदा तरी आपल्या स्वतःच्या नावाचा पहिला नंबर काढायचा. गुलाल दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या डोक्यावर पडला पाहिजे.

पुढे दोन-तीन वर्षांत गावच्या शिवारात कारखान्यांच्या हद्दीचे दगड रोवले गेले. चराईची राने गेली, तशी घोडी पोसणे जड झाले. सोनबाने ती दिघीच्या पाहुण्यांना दिली आणि पुढचे महिनाभर काहीतरी निमित्त काढून तो रोज दिघीला जात राहिला. जयसिंगला स्कूटरच्या कंपनीत नोकरी लागली. काम असे की नवी स्कूटर चाकणपर्यंत दामटायची, परत आणायची आणि कुठे काय खडखडते ते सांगायचे. त्याला बघावे लागत नसे, नुसते ऐकून तो सांगायचा. भैरू नावाचा फिटर त्याच्या जोडीला होता. "हा गडी कानानं गाडी चालवतो राव," असे भैरू सगळ्या कंपनीभर सांगत फिरायचा.

मद्रासजवळ महायुद्धाच्या काळातल्या एका जुन्या धावपट्टीवर दर वर्षी शर्यती भरत. सदुसष्ट साली जयसिंगने कंपनीतून रजा काढली, भैरूला बरोबर घेतले आणि स्कूटरच्या शर्यतीत नाव घातले. दहा फेऱ्यांपैकी साडेनऊ फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या सरळ पट्टीवर मागचा एक कोइमतूरचा गडी अर्ध्या चाकाने पुढे निघून गेला.

दोन रात्री गाडीत काढून तो घरी पोचला. सोनबा ओट्यावरच बसलेला. पोराच्या हातातली पिशवी घेत त्याने विचारले, "मागचं समदं आलं का?"

"आबा, मागचा आला म्हणूनच मी हरलो!"

सोनबाने जरा विचार केला. "मंग त्येला चांगलं पळवलंस म्हनायचं," तो म्हणाला.

स्कूटर झाली, मग मोटरसायकल झाली. एकाहत्तर साली दुसरा, त्र्याहत्तर साली पुन्हा दुसरा. दोन्ही वेळा शेवटपर्यंत पुढे आणि शेवटी दुसरा. कपाटावर दुसऱ्या नंबरचे तीन पेले बसले आणि प्रभावती, त्याची बायको, एकात मोहरी, एकात जिरे आणि एकात सुया ठेवू लागली. त्र्याहत्तरला भैरू शेवटच्या वळणावर उभा होता. परतीच्या गाडीत त्याने तोंड उघडले.

"भावा, राग मानू नको. तू मागच्याची वाट बघतोस."

"येडा हायेस का तू?"

"मी डोळ्यांनी बघितलं. त्याचा आवाज लांब गेला की तुझा हात सैल पडतो. तो जवळ आला की तू पुन्हा मूठ पिळतोस. गाड्यापुढं घोडी पळवल्यावानी."

भैरूचे बोलणे खरे आहे हे जयसिंगला ऐकताक्षणीच कळले होते आणि म्हणूनच ते त्याच्या जिव्हारी लागले. मन जिंकायला निघालेले, पण मनगट अजून साहेबरावांच्या बैलांसाठी अंतर राखत होते.

यावर उपाय म्हणून पुढच्या वर्षी तो कानांत कापूस कोंबून शर्यतीला उतरला. आता ज्याची सगळी गाडी कानावर चालते त्याने कान बंद केल्यावर काय व्हायचे? स्वतःच्या इंजिनाचाच आवाज येईना, गिअर चुकला आणि स्वारी मोटरसायकलसकट बाभळीत शिरली. घरी आल्यावर प्रभावती चार दिवस सुईने काटे काढत होती.

"ह्या खेपेला तरी पहिला नंबर?" तिने विचारले.

"काटे मोजायची शर्यत असती तर मिळाला असता," तो म्हणाला. ती हसली, मग तोही हसला. पण पाठ फिरवून झोपल्यावर त्याला वाईट वाटत राहिले. वय वाढत होते आणि गुलाल काही जवळ येत नव्हता.

पुढे मोटारींची रॅली सुरू झाली, तेव्हा त्याला नवी आशा वाटू लागली. भोसरीत अण्णासाहेबांचा नट-बोल्टचा कारखाना होता आणि त्यांना रॅलीचा भारी नाद. त्यांची फियाट जयसिंग चालवू लागला. शेजारी नकाशा मांडीवर घेऊन भैरू. रॅलीत गाड्या एकदम सुटत नाहीत, मिनिटामिनिटाच्या अंतराने सुटतात आणि ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला तो जिंकला. म्हणजे मागे कुणाचा आवाजच नाही. आवाजच नाही तर पाय सैल कशाला पडेल? तरी दोन-तीन वर्षे कधी चाक गेले, कधी रस्ता चुकला. एक्याऐंशीच्या रॅलीआधी अण्णासाहेबांनी त्याला बोलावून चहा पाजला.

"जयसिंगराव, पुढच्या सालापासून गाडी आमचे चिरंजीव चालवतील. एवढी मात्र तुमची."

एवढी शेवटची. जयसिंग अडतीस वर्षांचा झाला होता आणि दुसरी गाडी त्याला कोण देणार होते?

रॅली तीन दिवसांची होती. गणपती उठून आठवडा झाला होता, पण पाऊस जाता जात नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी मुरबाडला सगळ्या वेळांची बेरीज झाली आणि जयसिंग दुसऱ्यापेक्षा चार मिनिटांनी पुढे निघाला. आता माळशेज चढायचा, नारायणगाव, चाकण आणि भोसरीत शेवट. घरच्याच वाटेवर पहिला नंबर ठेवलेला होता, नुसता उचलून आणायचा.

अर्ध्या घाटात ढग रस्त्यावर उतरला. बोनेटच्या पुढचे दिसेना. फियाटला धुक्यातले पिवळे दिवे होते, त्यांच्या उजेडात दोन हात रस्ता कळत होता. एका वळणावर पांढरा रुमाल हलवत एक माणूस समोर आला आणि त्याच्या मागे कडेला एक बस उभी दिसली. भोसरीत खोल्या घेऊन राहणारे कामगार बायकापोरांसह ती भाड्याने घेऊन गणपतीला गावी गेले होते, ते परत निघाले होते. रुमालवाला म्हणजे बसचा ड्रायव्हर धोंडीबा, तो धावतच खिडकीशी आला.

"दादा, डायनामो गेलाय, दिवे न्हाईत. एकोणपन्नास माणसं हायेत. वरनं दगडी सुटायला लागल्यात, हितं थांबता येईना आन् कडा कुठं हाय ते दिसंना. तुमी जरा मोहरं चाला, मी तुमच्या मागल्या दिव्यावर येतो."

त्याच वेळी वरून दोन धोंडे घरंगळत आले आणि बसच्या मागे पडले. आत पोरे रडू लागली.

भैरूने घड्याळ पाहिले. "माथ्यावर पोलिसांची चौकी आहे. तिथं सांगू, ते माणसं पाठवतील. आपण थांबलो तर संपलं."

जयसिंगला ते पटले. खोटे कशाला सांगा, त्याला ते लगेच पटले. त्याने धोंडीबाला "मदत धाडतो" म्हटले आणि फियाट सोडली. धोंडीबाला वाटले दादा पुढे चालला, आपण मागे जायचे. त्याने घाईघाईने बस काढली.

मागून बसचे इंजिन घरघरत आले. मग ते लांब पडू लागले. अजून लांब. आणि जयसिंगचा पाय आपोआप उचलला गेला.

चौदा वर्षे ज्या खोडीने त्याला हरवले तीच आज शेवटच्या दिवशी पुन्हा आडवी आली होती. तो स्वतःशी दात खाऊन म्हणाला, दाब, दाब आता. पण कान मागेच लागले होते. बस जवळ आली. तिचा गिअर खरखरला, म्हणजे धोंडीबाला वळण दिसले नाही, तो घाबरला. जयसिंगने हॉर्न दोनदा वाजवला, इकडे, इकडे. इंजिन सावरले. तेव्हा मात्र त्याने पायाशी भांडणे सोडून दिले. पाय जिथे होता तिथेच त्याने तो जाणूनबुजून ठेवला.

"भैरू, नकाशा मिटून ठेव," तो म्हणाला.

भैरूने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि नकाशा मिटला.

फार पुढे नाही, फार मागे नाही. वळण आले की दोन हॉर्न, सरळ रस्त्यावर एक. मागे एकदाही न बघता जयसिंगने ती बस सहा किलोमीटर वर आणली. रस्ता जिथे रुंद होता तिथे रॅलीतल्या मागच्या पाच गाड्या एकेक करून हॉर्न देत निघून गेल्या. प्रत्येक गाडी गेली की आपला नंबर एकाने खाली गेला हे त्याला कळायचे. तरी पाय हलला नाही. माथ्यावर ढग विरळ झाला, चौकीपाशी बस थांबली. आतली माणसे भराभर खाली उतरू लागली. जयसिंग थांबला नाही, हात बाहेर काढून हलवला आणि निघाला.

भोसरीत तो सहावा आला. मांडवात दुसऱ्याच्या गळ्यात हार पडत होता.

"गाडीला काय झालं होतं?" अण्णासाहेबांनी विचारले.

"गाडी चांगली पळाली, अण्णासाहेब."

भैरूने तोंड उघडले, तसा जयसिंगने त्याचा दंड दाबला. किल्ली देऊन तो पायीच घरी निघाला. आपले आता संपले, हे त्याला चालता चालता नीट कळले.

सोनबा ओट्यावर बसला होता. आता त्याला कमी दिसायचे, पण पोराची चाल तो ओळखायचा.

"आलास? मागचं समदं आलं का?"

जयसिंग नेहमीसारखे फटकन उत्तर देणार होता. एकोणीस वर्षे हा म्हातारा एकच प्रश्न विचारत होता आणि आज पहिल्यांदा त्याला त्याचे उत्तर माहीत होते.

"आलं, आबा," तो म्हणाला. "एकोणपन्नास माणसं व्हती. समदी आली." आणि बापाशेजारी बसून त्याने सगळे सांगितले. ढग, दगड, पळून निघालो होतो तेही सांगितले. सांगताना अडतीस वर्षांचा बाप्या प्रभावतीसमोर रडला, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"मग झालं की," सोनबा म्हणाला. मग म्हणाला, "मला न्हाई का रं वाटायचं? तीस वर्सं घोडी पळवली. दर शर्यतीला वाटायचं, कुनीतरी चिमूटभर गुलाल आपल्याबी डोक्यावर टाकावा. कुनी न्हाई टाकला."

तो भिंत धरत उठला. देवळीत गणपतीच्या मिरवणुकीतला उरलेला गुलाल पुडीत बांधून ठेवला होता. चाचपडत त्याने ती पुडी काढली, चांगला मूठभर गुलाल घेतला आणि पोराच्या डोक्यावर टाकला. कपाळावर, गालांवर, सदऱ्यावर सांडला. प्रभावती दारात उभी राहून बघत होती.

मग त्याने पुडी जयसिंगच्या हातात दिली आणि त्याच्यापुढे आपले डोके वाकवले.

"उरला आसंल तर वाईच मलाबी लाव," तो म्हणाला.