थोरलीची बाजू

बाईंचं पहिलंवहिलं नाटक रंगमंचावर आलं, आणि दुसऱ्या अंकात, आई शेवटच्या घटका मोजत असताना, सगळं सभागृह खदखदून हसलं.

बाई विंगेत उभ्या होत्या. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. हसण्यासारखं काय होतं त्यात? खाटेवर आई, उशाशी धाकटी मुलगी, आणि दारात नव्याकोऱ्या साडीत थोरली. थोरली विचारत होती, "कपाटाची किल्ली कुठंय?" वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आली बया!" मग काय, थोरली तोंड उघडायचा अवकाश, लोक हसायचे.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक हात चोळत आला. "बाई, लोकांनी नाटक डोक्यावर घेतलं! थोडी पळापळ वाढवू, दोन दारं जास्त लावू. झकास प्रहसन होईल."

"ही शोकांतिका आहे," बाई म्हणाल्या.

"तुमच्या कागदावर. तिकडं खुर्चीत बसलेल्याला कोण सांगणार?"

उभा जन्म बाईंनी कॉलेजात हेच शिकवलं होतं. सुखात्मिकेत गाठी बसतात त्या शेवटी सुटण्यासाठी. प्रहसनात माणसांना विचार करायला उसंत नसते, नुसती धांदल. मेलोड्रामात वाईट तो मुळापासून वाईट, आणि चांगला तो देवमाणूस. शोकांतिकेत मात्र प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर असतं, आणि तरी सगळ्यांचं वाटोळं होतं. मुलं हे वहीत उतरवून घेत, परीक्षेत जसंच्या तसं ओकत. आणि आता हा माणूस त्यांनाच प्रहसन शिकवत होता!

रंगपटाच्या दारात ताई उभी होती. बाईंची सख्खी थोरली बहीण. तिला बोलावणं धाडलं होतं ते बाईंनीच. येऊन बघू दे, असं मनात होतं. आईच्या शेवटच्या आजारपणात ताई फिरकली नव्हती. औषधं, पथ्यं, रात्रीची जागरणं, सगळं धाकटीच्या गळ्यात. नाटक त्यातूनच आलं होतं, आणि ते ताईला कळल्यावाचून राहणार नव्हतं.

ताईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यानं बाई आणखीच चिडल्या.

"हसलीस ना तूही?" त्यांनी विचारलं.

"हसले. काय करू? इतकी दुष्ट बाई मी जन्मात पाहिली नाही." ताईनं खुर्ची ओढली. "एक सांग, तिला एकही धड वाक्य का दिलं नाहीस गं?"

"कुठून देऊ? तुझ्याकडं होतं का एखादं?"

"विचारलंस कधी?"

आरशासमोर रंग पुसणारी नटी हळूच उठून बाहेर गेली.

"आईनंच सांगितलं होतं, येऊ नकोस म्हणून," ताई म्हणाली. "फोनवर. म्हणाली, तू येऊन गेलीस की धाकटीला वाटतं तिचं काही कमी पडतंय. दोन दिवस तोंड पाडून बसते, जेवत नाही. मला तिच्याच हातून प्यायचंय पाणी, तिला दुखवू नकोस. तेव्हा मी गाडीत बसायला निघाले होते. पिशवी भरलेली होती."

"खोटं आहे."

"असेल. जा, आईला विचार."

तिथंच तर सगळं अडत होतं. आईला विचारायची सोय राहिली नव्हती. बाई काहीतरी खरमरीत बोलायला गेल्या, आणि मधेच त्यांना आठवलं. ताई येऊन गेली की आपण खरंच तोंड पाडून बसायचो. ते फक्त आईला ठाऊक होतं.

ताई गेली. घरी आल्यावर बाईंनी भांडी आदळली, भाजी करपवली, नवऱ्यानं "काय झालं?" विचारलं तर त्याच्यावरही खेकसल्या. आईवर चिडावं, तर ती दोघींचं भलंच करायला गेली होती. ताईवर चिडावं, तर तिनं ऐकलं होतं आईचं. उरल्या त्या स्वतः, आणि तिथंही राग धड बसेना. राबल्या तर होत्याच ना!

त्यांनी दुसरा अंक फाडला आणि नव्यानं लिहायला घेतला. किल्ली काढून टाकली. थोरलीच्या हाती भरलेली पिशवी दिली, आणि फोनवरची आई लिहिली. दिग्दर्शक कुरकुरला. "हसतं खेळतं नाटक तुम्ही मारताय." थोरलीचं काम करणाऱ्या नटीनं मात्र नवी पानं वाचून बाईंचा हात घट्ट धरला. "आता हिला उभं राहायला जमीन मिळाली," ती म्हणाली.

पुढच्या प्रयोगाला कुणी हसलं नाही. पिशवी खाली ठेवून थोरली पायात घातलेल्या चपला पुन्हा काढते, तिथं तर सभागृहात नाक ओढल्याचे आवाज येत होते. प्रयोग संपल्यावर लोक विंगेत आले ते थेट थोरलीकडं. "काय सोसलं हो तुम्ही!" एक आजी नटीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या. धाकटीचं काम करणारी पोरगी कोपऱ्यात एकटीच केसांतले आकडे काढत बसली होती. तिच्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं.

शोकांतिका झाली होती. अगदी शिकवल्याप्रमाणे. बाई मात्र कुणाचं अभिनंदन न घेता तणतणत घरी गेल्या.

सकाळीच ताईचा फोन आला. "कालचा प्रयोग कसा झाला गं?"

"चांगला झाला. तुझी बाजू लिहिली. सगळे तुझ्यासाठी रडले."

"आणि तुझ्यासाठी?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला तो चढलाच. "आईची गादी मी उन्हात घालायचे, ताई. रोज. एकटी. ते कुणाला दिसलंच नाही!"

मग ताई म्हणाली, "मला सांग. गादी कशी उचलायचीस एकटी?"

बाईंनी फोन आपटला. मग तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि थोड्या वेळानं, अजून रागातच, स्वतःहून ताईचा नंबर फिरवला.