कमुरत्यातली फेरी

"शेठ, इंजन चालू करा बरं!"

मागच्या बाकाखाली डोकं खुपसून कुंदन ओरडला. चांदमल शेठांनी किल्ली फिरवली, जुनी ट्रॅव्हलर धडधडली आणि बाकाखालच्या रिलेनं टक्क आवाज केला. कुंदन गुडघे झाडत उठला तो तोंडभर हसतच. नंदुरबारात गाड्यांचं वायरिंग करणारे पुष्कळ, पण गाडीत दुसरी बॅटरी बसवून चालतंफिरतं घर उभं करायचं काम आपल्याकडे आलं, याचा त्याला भारी अभिमान होता. आणि अभिमान लपवणं काही त्याच्या स्वभावात नव्हतं.

"दखा शेठ. आते इंजन दोन्ही बॅटरीसले भरी ऱ्हायनं. इंजन बंद व्हयनं का हाऊ रिले दोन्हीसले येगळं करी टाकस. काकीनं मशीन मांगलीवर चाली. मांगली पुरी उतरनी तरी पुढली जशीनी तशी. आडरानमा गाडी बंद पडाव नही."

काकी म्हणजे रूपकंवर, शेठांची बायको. गोदामाच्या दारात खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या. नाकात नळी, आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. मिरचीच्या गोदामावरच्या माडीत त्यांचा सगळा संसार झाला होता, आणि हंगामात त्या माडीत खकाण्याशिवाय हवाच नसे. आता मशीनवाचून त्यांना घटकाभर निघत नव्हतं. रेल्वेत त्या मशीनचा भरवसा कसा धरायचा? म्हणून चार वर्षं राजस्थानातलं माहेर तुटलं होतं. पालीजवळच्या त्या गावात म्हातारा भाऊ होता, अंगणात खेजडीचं झाड होतं. एकदा त्या झाडाखाली बसायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यासाठी शेठांनी गाडी घेतली, आत पलंग केला आणि दुसऱ्या बॅटरीसाठी कुंदनला बोलावलं.

खरं सांगायचं तर कुंदननं हे काम मनात अढी धरूनच घेतलं होतं. त्याची आई जसोदा याच शेठांच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानात, जन्मभर देठ खुडत बसली. खोकून खोकून खाटेला खिळली आणि तशीच गेली. तिला मशीन दाखवायलासुद्धा कुणी आणलं नव्हतं. पहिल्याच दिवशी वायरीचं भेंडोळं घेऊन तो दारात आला, तेव्हा काकींनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं होतं.

"तू जसोदाना पोऱ्या ना? तुन्ही माय मन्हापेक्षा जोरबन खोके. मी माडीवर पडी पडी आयकू."

एरवी तोंडाला कुलूप नसलेला कुंदन भेंडोळं घेऊन थेट गाडीत शिरला होता. राग गेला नाही, पण त्या दिवसापासून तो प्रत्येक जोड दोनदा तपासायला लागला.

आता काम पुरं झालं होतं. काकींनी विचारलं, "मंग कव्हय निघसूत?"

शेठांनी इंजिन बंद केलं. "आते कमुरता लागना. संक्रांत व्हयनी का पहिला मुहूर्तवर निघसूत."

घरात दोघं मारवाडी बोलत, पण बाहेरच्या माणसासमोर अहिराणीच. संक्रांतीच्या आधीचा तो महिना शेठांच्या घराण्यात वर्ज्य असे. आजोबा राजस्थानातून लोटा घेऊन आले तेही कमुरता टाळून, असं ते सगळ्यांना सांगत. लग्न नाही, नवा सौदा नाही, लांबचा प्रवास तर नाहीच. बायकोवर त्यांचा जीव होता, आणि म्हणूनच तिच्या प्रवासात त्यांना कसलीही खोट नको होती.

"संक्रांतलोंग मी ऱ्हासू का, हाई बी पंचांगमा दखी ल्या," काकी म्हणाल्या.

शेठ रागावले. असं अभद्र बोलू नये म्हणाले आणि लिलावाची वेळ झाली म्हणून टोपी उचलली. काकी गाडीकडे बघत राहिल्या. जत्रेला न नेलेलं पोर बघतं ना, तशा. कुंदनला ते बघवलं नाही.

"शेठ, ट्रायल ते लेनीच पडी," तो मध्येच बोलला. "मशीन चालू ठेईसन गाडी फिरावाबिगर मी काम पुरं व्हयनं सांगाव नही."

"ट्रायल म्हंजे निघनं नही ना?"

"सामान नही, नारळ नही. कसानं निघनं?"

शेठांनी थोडा विचार केला. "ली जाय मंग. पार्वतीबाईले संगे ले. मी काही येत नही, मी मुहूर्तवरच बठसू." आणि ते बाजार समितीकडे गेले.

घरकाम करणाऱ्या पार्वतीबाईंनी काकींना धरून गाडीत बसवलं. गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना लालभडक पथाऱ्या पसरल्या होत्या आणि तोंडाला फडकी बांधून बाया देठ खुडत होत्या. काकींनी काच लावून घेतली, पण मान वळवली नाही.

"जसोदा कठे बठे रे?"

कुंदननं हातानं कोपरा दाखवला. पथारी मागे पडेपर्यंत काकी तिकडे बघत होत्या. मग रनाळ्याच्या रस्त्याला हिरवा हरभरा लागला, तशी त्यांनी काच खाली केली. एका लिंबाखाली कुंदननं गाडी उभी केली. इंजिन बंद झालं, रिले टक्क वाजला आणि मशीन न अडखळता घरघरत राहिलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात कुठल्या आवाजानं त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा शेठांच्या घरचा जैनांचा नेम, म्हणून पार्वतीबाईंनी डबा उघडला. खाखरे, मूग, उकळून गार केलेलं पाणी. काकींनी कुंदनच्या हातावरही खाखरा ठेवला. त्याआधी दुपारभर त्या खिडकीशी बसून होत्या. बोलल्या थोडंच. लहानपणी भावाशी भांडून त्या खेजडीवर चढून बसत, तेवढं सांगितलं. परत निघताना म्हणाल्या, "आज लई दूर जाई उनू रे मी."

संक्रांत तोंडावर आली असताना रूपकंवर गेल्या. माडीतच, पहाटे झोपेत. मशीन चालू होतं, वीज होती, कुणाची काही चूक नव्हती. कुंदन स्मशानात लांब उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, पण हातात पाना धरवेना. आई गेली तेव्हा रडलो नव्हतो ते आता का रडतोय, हे त्याला कळत नव्हतं. मग तो दोघींसाठी रडला.

संक्रांतीनंतर ठरलेल्या मुहूर्ताच्या दिवशी शेठांनी त्याला बोलावलं. दुसरी बॅटरी काढायची असेल, असं समजून तो हत्यारं घेऊनच गेला. शेठ गाडीत बसले होते. मागच्या बाकावर, काकींच्या जागी. शेजारी मशीन ठेवलं होतं.

"ट्रायलले तिले कठे ली गयथा?"

"रनाळाना रस्तावर, शेठ. हरभराना वावरजोडे."

"चाल तठे."

कुंदननं गाडी काढली. लिंबाखाली आणून उभी केली, इंजिन बंद केलं. हरभऱ्याला आता घाटे धरले होते. शेठांनी वाकून मशीनचं बटण दाबलं आणि ती ओळखीची घरघर गाडीत भरली. नळी त्यांनी घडी करून मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

सूर्य खाली उतरला. पार्वतीबाईंनी दिलेला डबा तसाच बंद होता. जेवायची वेळ टळत चालली होती, आणि शेठांनी ती जन्मात कधी टाळली नव्हती.

"शेठ," कुंदन हळूच म्हणाला, "मशीन बंद करू का? बॅटरी उतरी जाई."

शेठांनी मान वळवली नाही.

"उतरू दे. घर जावाले पुढली शे ना?"

"शे, शेठ," कुंदन म्हणाला, आणि गाडीतून उतरून लिंबाखाली जाऊन बसला.