दोन मातींचा कप

मॅनेजरने फळीवरचा वाळलेला कप कानाला धरून उचलला. कान हातात राहिला आणि कप खाली पडून फुटला. त्याने दुसरा उचलला, मग तिसरा. कारखान्यातले सगळे हातातलं काम सोडून बघत होते, आणि त्यांनी बघावं म्हणूनच त्याचं हे चाललं होतं.

"म्हणे कानवाली," तो म्हणाला. "उद्यापासून बांधणीत बसा. कप कागदात गुंडाळायला तरी जमेल."

ज्या बाईला तो हे बोलला, तिचं निम्मं आयुष्य कपांना कान लावण्यात गेलं होतं. अर्धवट ओला कप, तेवढाच ओला कान, मध्ये पातळ चिखलाचा ठिपका आणि अंगठ्याचा एक दाब. तिने लावलेला कान कपाबरोबरच जन्मल्यासारखा दिसायचा. तिने हात एप्रनला पुसले आणि ती स्टुलावरून उठली.

दारात तिची भाची उभी होती. मावशीनेच तिला वाढवलं, विज्ञानाची पदवी मिळेपर्यंत शिकवलं, आणि आता ती याच कारखान्यात मातीच्या तपासणीचं काम बघत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नुसत्या संतापाने काही सिद्ध होत नाही, हे ती शिकली होती. सगळे पांगल्यावर तिने जमिनीवरचे तुकडे गोळा केले.

खिडकीच्या उजेडात धरले तेव्हा तिला दिसलं, की कपाची माती करडी आहे आणि कान मात्र दुधासारखा पांढरा. बोटांत चुरला तर तोंडाला लावायच्या पावडरीसारखा गुळगुळीत. ही माती तिच्या टेबलावरून गेलेली नव्हती.

गोदामात त्या मातीची पोती सापडली. त्यातला गोळा घेऊन तिने एक पट्टी थापली, नेहमीच्या मातीची दुसरी थापली, दोन्हींवर सारख्याच अंतरावर दोन रेघा ओढल्या आणि वाळत ठेवल्या. वाळल्यावर पांढऱ्या पट्टीवरच्या रेघा ठळकपणे जवळ आल्या होत्या. तिला आश्चर्य वाटलं नाही. पांढरी माती म्हणजे शेवटी कुजलेला ग्रॅनाइट. त्यातलं फेल्डस्पार नावाचं खनिज पाण्याने युगानुयुगं पोखरलं, की ही माती उरते. पण प्रत्येक खाणीत ती सारखी नसते. कुठे कण जाडसर, तिचे कप होतात. कुठे इतके बारीक, की ती चकचकीत कागदावर, भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, पोटाच्या औषधात जाते. बारीक कण पाणी जास्त धरतात आणि वाळताना जास्त आकसतात. कप एका चालीने आकसणार आणि कान दुसऱ्या चालीने. मग जोड कुणीही लावलेला असो, तडा तिथेच जाणार.

पट्ट्या घेऊन ती मॅनेजरच्या खोलीत गेली.

"साहेब, कानांची माती कुठून आली?"

"नमुन्याची पोती आली होती ना. कागदाच्या गिरण्यांना माती देतात, त्यांच्याकडून. काय पांढरी आहे, बघितलंत? कपांना पुरली नसती. म्हटलं, कानांना वापरू. कानाला लागते किती?"

"माझ्याकडे तपासायला नाही आली."

"अहो मॅडम, दूध पांढरं आहे हे काय तपासायचं?"

तिने पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि समजावून सांगितलं. त्याने दोन्ही पट्ट्यांवरच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"बरं झालं, मला एकट्याला सांगितलंत," तो म्हणाला. "बघतो मी."

मोठ्या माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडू नये, म्हणून ती एकटी गेली होती. आता तो मावशीला परत बोलावणार, अशी तिची खात्री होती.

त्याने पोती गुपचूप हलवली आणि कानांना पुन्हा नेहमीची माती द्यायला लावली. त्याच दिवशी मावशीच्या स्टुलावर झिलईच्या खोलीतली बाई बसवली. अर्थातच कान सुटायचे थांबले. मग चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "बघितलंत? माणूस बदललं की काम सुधारतं."

भाची चहा तसाच टाकून बांधणीत गेली.

"मावशी, ऐकलंस तो काय म्हणाला?"

"कान लावते, म्हणून मला ऐकू येत नाही की काय?"

"आणि तू गप्प बसलीस?"

"मी ओरडले असते, तर म्हणाले असते, म्हातारीचं डोकं फिरलं. वर त्याचं बोलणंही खरं ठरलं असतं."

"कान त्या पांढऱ्या मातीमुळे सुटत होते. तिचा गोळा माझ्याकडे उरलाय. तूही कान लाव, झिलईवालीही लावू दे. सगळ्यांच्या देखत."

मावशीचे हात थांबले. "म्हणजे माझा कान निखळलेला सगळ्यांना दाखवायचा?"

"हो."

"मी मुद्दाम सैल लावला म्हणतील."

"म्हणून तर शेजारी तिचाही हवा."

मावशीने हातातला कप गुंडाळून पेटीत ठेवला. "मला मुद्दाम वाईट काम करता येत नाही, आधीच सांगते. लावीन तर नीटच लावीन."

"नीटच लाव. मला तेच हवंय."

जेवणाच्या सुट्टीत दोघी समोरासमोर बसल्या. प्रत्येकीला एक पांढरा कान आणि एक नेहमीच्या मातीचा.

"काय, सामना लागलाय का?" भट्टीवाल्याने विचारलं.

"कसला सामना? आम्ही दोघी एकाच बाजूला," झिलईवाली म्हणाली. "मला तर या स्टुलावर बसायचीच लाज वाटते."

चारही कप चहाच्या टेबलाशेजारच्या फळीवर ठेवले. मॅनेजर येता-जाता विचारायचा, "हा काय पोरखेळ?" भाची म्हणायची, "वाळतंय, साहेब."

पुरते वाळल्यावर सगळे फळीभोवती जमले. गर्दी बघून मॅनेजरही आला. भट्टीवाल्याने नेहमीच्या मातीचे दोन्ही कप कानाला धरून उचलले. दोन्ही कान घट्ट होते. झिलईवालीच्या पांढऱ्या कानाला त्याने हात लावला, तर कप जागच्या जागी राहिला आणि कान बोटांत आला.

उरला मावशीचा. तो तिने स्वतः उचलला. कप कानाला लटकून राहिला. भाची एक पाऊल पुढे सरकली. मावशीच्या हाताने शास्त्रालाही हरवलं की काय? मग बारीकसा आवाज झाला आणि कप खाली पडून फुटला.

मावशी हातातल्या कानाकडे बघत राहिली. इतका नीट कान तिने क्वचितच लावला होता.

"मग माती बदलली कुणी?" भट्टीवाल्याने विचारलं. सगळ्यांच्या माना मॅनेजरकडे वळल्या.

मॅनेजरने घसा साफ केला. "ठीक आहे, झालं ते झालं. मावशी, उद्यापासून बसा तुमच्या जागेवर."

"कप सगळ्यांच्या देखत फोडलेत," मावशी म्हणाली. "बोलायचं तेही सगळ्यांच्या देखत बोला, साहेब."

त्याने पायाशी आलेला एक तुकडा बुटाने बाजूला सारला. "पोती मी वापरायला लावली," तो पुटपुटला. "न तपासता."

चुकलो हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. भाची वाट बघत होती. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि ती पुढे होऊन विचारणारही होती. पण मावशीने निखळलेला कान मॅनेजरच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"हा तुमच्याकडेच राहू द्या."

मग उद्याची वाट न बघता ती आपल्या स्टुलावर जाऊन बसली, आणि वाटीत बोट घालून म्हणाली, "पाणी आणा गं कुणीतरी. चिखल पार सुकवून ठेवलाय."