मोगरीच्या खुरांवरचा सोनेरी रंग

मेडिकल दुकानातली आपली पाळी संपवून आकांक्षा घोडपदेवला परतली आणि घरात न जाता रोजच्यासारखी आधी चाळीमागच्या शेडमध्ये शिरली. त्यांची पांढरी घोडी मोगरी आपल्या जागी उभी होती. तिचे चारही खूर सोन्यासारखे चकाकत होते.

आकांक्षाने वाकून तिचा डावा पुढचा पाय उचलला. या खुराला उभी चीर पडली होती. ती आता दिसत नव्हती. चिरेच्या जागी बोटाला काहीतरी टणक, गुळगुळीत लागलं. तिने नाक जवळ नेलं. दाराच्या भेगा बुजवायला सुतार भरतात ती लांबी. ती भरून, घासून, वरून सोनेरी स्प्रे मारला होता.

रागाने तिचे कान तापले. सबंध उन्हाळा तिने याच खुरासाठी घालवला होता.

लग्नात नवरदेवासाठी घोडी द्यायचा हा धंदा तिच्या सासऱ्यांनी, गुणाजींनी, गिरणी बंद पडल्यावर सुरू केला. आता तो तिचा नवरा हितेंद्र बघत होता. दोन वर्षांपूर्वी शेडमध्ये सिमेंट ओतलं, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं होतं. स्वच्छता राहते, वास येत नाही. पण मोगरी दिवसभर त्या कोरड्या ठणठणीत जमिनीवर उभी राहायची आणि बाहेर पडली की तापलेला डांबरी रस्ता. तिचे खूर दगडासारखे कडक झाले, कडा ढलप्या निघाव्यात तशा तुटायला लागल्या आणि मार्चमध्ये ती चीर दिसली. हितेंद्र वरून तेल चोपडत राहिला. माटुंग्याहून डॉक्टर पॉलीन आल्या, त्यांनी खूर दाबून, ठोकून पाहिला आणि सांगितलं की आत ओलच नाही तर वरून तेल लावून काय होणार? आधी खुराला पाणी पिऊ द्या, मग ते आत टिकावं म्हणून मलम लावा. आणि नालबंदाला सांगा, खुराच्या भिंतीवर कानस फिरवायची नाही. ती वरची साय आहे, ती गेली की खूर आणखी सुकतो.

आकांक्षाने ते मनावर घेतलं. पाण्याच्या टाकीजवळचं सिमेंट फोडून घेतलं आणि लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू आणून तिथे पसरली. रोज सकाळी मोगरी त्या ओल्या मातीत उभी राहायची. शेजारणींनी चिखल होतो म्हणून तोंडं वाकडी केली, तेही तिने सहन केलं. हळूहळू खुराच्या माथ्याशी, केसांच्या रेघेखाली नवा, तुकतुकीत खूर उतरू लागला होता. चीर मात्र खाली तशीच होती. डॉक्टरांनी ताकीद दिली होती की ही चीर वर सरकता कामा नये, नवा खूर खाली येईपर्यंत पाठीवर वजन नाही.

घरात जाऊन तिने जाब विचारला, तेव्हा हितेंद्रने आवाज न चढवता सगळं सांगितलं. लग्नांची व्यवस्था बघणाऱ्या रश्मी मॅडमनी उद्याची दादरची वरात दिली होती. नवरीकडच्यांना घोडीचे पाय सोनेरी हवे होते. आणि तुटका खूर फोटोत वाईट दिसला असता.

"अर्ध्या तासाचं काम आहे," तो म्हणाला. "हॉलपर्यंत जायचं नि परत यायचं."

"तुझ्या टाचेला भेग पडली तर त्यात लांबी भरून चालशील तू?"

गुणाजी पलंगावर उठून बसले होते. ते मुलाकडे न बघता सुनेला एवढंच म्हणाले, "तू जा गो त्याच्यासोबत. तो लगाम धरतलो, तू पाय बघ."

आकांक्षाला सासऱ्यांचाही राग आला. नको जाऊ, असं मुलाला सांगण्याऐवजी हे तिलाच कामाला लावत होते. तरी ती गेली.

मे महिन्यातली दुपार. बँड वाजत होता, नवरदेव वर बसला होता, झालर थेट मोगरीच्या गुडघ्यापर्यंत आली होती. रश्मी मॅडम मोबाइल कानाला लावून पुढे धावत होत्या. आकांक्षा घोडीच्या खांद्याला खांदा लावून चालत होती आणि फक्त खाली बघत होती. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. मग मोगरी डावा पाय टेकवून लगेच उचलायला लागली. मान प्रत्येक पावलाला वर झटकत होती. नाचणाऱ्यांना वाटलं, घोडी तालावर डोलते. त्यांनी शिट्ट्या मारल्या.

आकांक्षाने हितेंद्रच्या हातातून लगाम घेतला आणि घोडी जागेवर उभी केली.

रश्मी मॅडम परत आल्या. मुहूर्त जवळ आला होता, फोटो बाकी होते, आता हे काय. आकांक्षाने खाली बसून खूर उचलला. लांबीचा तुकडा निघून पडला होता आणि चीर थेट वर, नव्या खुरात घुसली होती.

"बघा," ती म्हणाली. "हात लावून बघा."

रश्मी मॅडमनी हात लावला नाही. नवरीच्या काकांनी पुढे होऊन कोपऱ्यापर्यंत तरी चला म्हटलं, मग आवाज चढवला, मग हितेंद्रला बाजूला घेऊन बायकोला आवर म्हणाले. हितेंद्र घाम पुसत उभा राहिला. शेवटी नवरदेव स्वतःच खाली उतरला. आकांक्षाला क्षणभर बरं वाटलं, पण तो खूर बघायला वाकलासुद्धा नाही. भर उन्हात थांबून त्याच्या फेट्यातून घाम गळत होता, म्हणून तो उतरला होता. तो सावलीच्या फुटपाथवरून चालत हॉलकडे गेला आणि बँड त्याच्या मागे गेला.

तिने झालर काढून हितेंद्रच्या खांद्यावर टाकली. रसवंतीवाल्याकडून बर्फाखालचं ओलं गोणपाट मागून घेतलं, खुराला गुंडाळलं आणि परळच्या बाजूने, सावली धरून, थांबत थांबत मोगरीला घराकडे नेलं. हितेंद्र मागून येत होता. खांद्यावरची झालर सावरत तो म्हणाला, "मला काय तिची काळजी नाही असं वाटतं तुला?"

"तुला काळजी आहे," आकांक्षा म्हणाली. "म्हणून तर जास्त राग येतो. त्या बाईला काय माहीत? तुला माहीत होतं."

डॉक्टर पॉलीननी उरलेली लांबी कोरून काढली, चीर आणखी वर सरकू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाशी आडवी खाच घेतली आणि नवा खूर पुरता खाली येईपर्यंत मोगरीला कामावर न्यायचं नाही असं बजावलं. म्हणजे जवळजवळ वर्ष. रश्मी मॅडमनी पुन्हा फोन केला नाही. हितेंद्र एका कुरियरवाल्याचा टेम्पो चालवू लागला. सकाळी निघण्याआधी तो न बोलता शाडूवर पाणी मारून जायचा. आकांक्षाने त्याबद्दल त्याला कधी शाबासकी दिली नाही.

पुढच्या लग्नसराईत मोगरी सरळ पाय टाकू लागली, तेव्हा डिलाईल रोडचं एक कुटुंब घोडी बघायला आलं. मुलाच्या आईला मोगरी आवडली. पाय चंदेरी करून मिळतील का, तिने विचारलं.

आकांक्षा बोलणार तोच हितेंद्र म्हणाला, "नाही जमणार हो. सॉरी. खुराला त्रास होतो, म्हणून... माफ करा."

विचार करून कळवतो म्हणत ते लोक गेले. आकांक्षा नवऱ्याकडे वळली.

"नाही म्हणालास ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण माफी कसली मागतोस त्यांची?"