मंगलाबाईंचं मनोगत

या, असे जवळ सरकून बसा. आज टाळ नाहीत, मृदंग नाही, नुसती एका बाईंची गोष्ट आहे. घटकाभर मन इकडं द्या.

देव कुणाच्या पदरात रूप टाकतो, कुणाच्या धन. पंचवटीतल्या मंगलाबाईंच्या पदरात त्यानं आवाज टाकला होता. आपल्या पुढच्या खोलीत बसून बाईंनी एकेचाळीस वर्षं रशियन शिकवली. आधी रशियन विमानं बांधणाऱ्या ओझरच्या कारखान्यातले कामगार यायचे, पुढं रशियात डॉक्टरकी शिकायला निघालेली पोरं येऊ लागली. फळ्यावर बाई फार लिहीत नसत. आधी कानानं घ्या म्हणत, मग जिभेनं, हाताची पाळी शेवटी.

उज्वला त्या पोरांतलीच, मनमाडच्या रेल्वे कामगाराची लेक. तिची वाक्यं ऐकून बाई म्हणायच्या, "तुझं बोलणं म्हणजे तुमचं जंक्शन गं. कुठली गाडी कुठल्या रुळावर जाईल, देवाला ठाऊक." तीच उज्वला डॉक्टर होऊन परत आली आणि मनमाडात तिनं दवाखाना थाटला.

बाईंच्या घशात गाठ निघाली, तेव्हा रिपोर्ट घेऊन त्या आधी तिच्याकडंच आल्या. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. वीस तारखेला ऑपरेशन, त्यानंतर बोलणं बंद. बाईंनी एकच गोष्ट मागितली. "मला हार नको, शाल नको. त्याआधी सगळ्यांना माझ्या खोलीत बोलाव. मला पोरांशी एकदा बोलायचंय."

उज्वलाला ते पटेना. एवढ्या मोठ्या बाई, आणि सत्कार त्या कोंदट खोलीत? तिनं जुने विद्यार्थी जमवून समिती केली, हॉल ठरवला, अध्यक्ष म्हणून मोठ्या पाहुण्यांची सोळा तारीख मिळवली, पत्रिका छापल्या. बाई नुसत्या हसल्या. पोरीची हौस कशाला मोडा, असं त्यांना वाटलं असावं.

चौदा तारखेला पाहुण्यांच्या माणसाचा फोन आला. साहेबांचा दौरा निघाला होता, आता महिन्यानंतरचीच तारीख. उज्वला रडकुंडीला आली. पाहुण्यांशिवाय उरकून घेऊ, असं ती म्हणाली, तर समितीतले सगळे तुटून पडले. पत्रिकेवर नाव छापलंय, लोक काय म्हणतील, आणि अध्यक्षांशिवाय कधी सत्कार होतो का? ऑपरेशन थोडं पुढं ढकला, असंही कुणी सुचवलं. ते ढकलता येणार नाही, हे तिथं एकट्या उज्वलाला कळत होतं. तरी सत्कार पुढं ढकलायला तिनं मान हलवली. त्या मान हलवण्याला ती आजवर स्वतःला माफ करू शकलेली नाही.

बाईंना सांगायला गेली, तर त्यांनीच तिची समजूत काढली. होईल गं, म्हणाल्या.

वीस तारखेला ऑपरेशन झालं. महिन्यानं सत्कार झाला. हॉल भरला होता. पाहुणे आले, वीस मिनिटं बोलले, घड्याळ बघून निघून गेले. बाई गळ्याला पांढरा रुमाल बांधून बसल्या होत्या. मानपत्र झालं, शाल झाली. निवेदन करणारा रोहित बाईंचाच जुना विद्यार्थी, पण त्याच्या हातात होती ती जुनीच पत्रिका. तो सवयीनं वाचत गेला, "आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील," आणि त्यानं माइक बाईंपुढं धरला.

वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

बाईंनी माइक हातात घेतला. उभ्या राहिल्या. एकेका ओळीवरून नजर फिरवली, ओळखीचा चेहरा दिसला की किंचित मान हलवली. ओठ हलले. कर्ण्यातून नुसती खरखर येत राहिली. मग त्यांनी माइक रोहितच्या हातात दिला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि खाली बसल्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. उज्वलाचे हात काही उचलले गेले नाहीत.

घरी सोडताना गाडीत बाईंनी वही काढून लिहिलं, लांबून आलेली पोरं जेवली का? उज्वला हो म्हणाली. तिनं गाडी कडेला घेतली.

"बाई, काय बोलणार होतात हो तुम्ही?"

बाईंनी पेन्सिल टेकवली. परत उचलली. मग वही मिटली आणि उज्वलाचा हात हातात घेतला.

पुढच्या आषाढात बाई गेल्या. त्यांना काय सांगायचं होतं, ते कुणालाच कळलं नाही.

तेव्हा बाबांनो, सांजवात लावाल, देवापुढं हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांसोबत पंचवटीतल्या मंगलाबाईंचंही नाव घ्या. एवढी आठवण ठेवा.