अभिमननानांचं रीडिंग

"मान खाली, नाना. वर नाही, खाली."

सिस्टर चारुलतांनी मागून डोकं हलकेच पुढे केलं, तेव्हा अभिमननानांना तासाभरानं जमीन दिसली. घोळणा फुटल्यापासून जो आला त्यानं त्यांचं तोंड आढ्याकडेच करून ठेवलं होतं. शेजारच्या वच्छलाबाईंनी कांदा फोडून हुंगवला, मंजुळाबाईंनी टाळूवर माठातलं पाणी ओतलं, आणि दवाखान्यात आणणाऱ्या रिक्षावाल्यानंही आरशातून "मान वर ठेवा, बाबा" एवढं सांगून आपला वाटा उचलला. मे महिन्यात धरणगावात घोळणा फुटणं ही काही बातमी नव्हे. शिवाय मान वर केल्यावर रक्त थांबलं होतं. म्हणजे नाकातून यायचं थांबलं होतं.

"सारखं गिळत होते का हे?"

"थुंकी गियत व्हतात," मंजुळाबाई म्हणाल्या.

"थुंकी नाही अक्का, रक्त." सिस्टरनं नानांच्या हनुवटीखाली ट्रे धरला. "तोंड उघडं ठेवा. घशात येईल ते यात थुंकायचं. गिळायचं नाही." मग हाडाच्या खालचा नाकाचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट दाबून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पंधरा मिनिटं. मध्ये सोडून बघायचं नाही आणि बोलायचं तर अजिबात नाही."

नानांना ही व्यवस्था पसंत पडली.

डॉक्टर दिपमाला आल्या. बॅटरीच्या उजेडात त्यांनी घसा पाहिला. मागच्या बाजूनं लाल ओघळ उतरतच होता. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पट्टा सोडला आणि दुसऱ्या दंडाला गुंडाळला.

"दोनशे वीस, एकशे वीस. बीपीच्या गोळ्या चालू आहेत का यांना? रक्त पातळ करायची गोळी?"

"ती नही. बीपीनी शे. बठ्ठं लिखेल शे," म्हणत मंजुळाबाईंनी पिशवीतून सगळं लिहून ठेवलेली वही काढली. मुलाच्या, कुंदनच्या लग्नाचा अल्बमही त्यांनी कधी इतक्या तोऱ्यात कुणापुढे धरला नव्हता.

वही सून मेघानं दिली होती. होळीला धुळ्याहून येताना तिनं बीपीचं मशीनही आणलं होतं. तारीख, वेळ, आकडा, गोळी घेतल्याची खूण. एकशे तीस, ऐंशी. एकशे अठ्ठावीस, अठ्ठ्याहत्तर. पुन्हा एकशे तीस. रोज तोच आकडा आला तर कुणालाही शंका येते, हे नानांना ठाऊक होतं. दीपनगरच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं त्यांनी दर तासाला मीटर वाचून आकडे लिहिले होते. त्यात एकही आकडा त्यांनी सुई पाहिल्याशिवाय लिहिला नव्हता. म्हणून तर घरात कुणी शंका घेतली नाही.

"आज सकाळी सातला एकशे अठ्ठावीस," डॉक्टर वाचत होत्या. "गोळी घेतलेली. आणि दुपारी दोनशे वीस?" त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "हे नुसतं नाकाचं दिसत नाही. एवढं काटेकोर औषध चालू असताना असं उसळलं म्हणजे डोक्यात नाहीतर किडनीत काहीतरी झालंय. जळगावला हलवावं लागेल. एकशे आठला फोन करायला सांगा."

"मॅडम, रक्त चालू असताना?"

"तेच तर. वाटेत काही झालं तर..." पुढचं त्या हळू बोलल्या.

पंख्याची घरघर वाढत गेली. मग ती पंख्याची राहिली नाही. नाना टर्बाइनच्या हॉलमध्ये होते. तेलाचा उबदार वास, पायाखालची जमीन झोपलेल्या म्हशीसारखी श्वास घेणारी, आणि भिंतभर मीटर, गोल चेहऱ्यांचे, ओळीनं उभे. नाना पेन्सिल घेऊन एकेकापुढे थांबत. मीटर आपला आकडा सांगे, नाना मान डोलावत. रांग संपेचना. शेवटच्या मीटरला काच नव्हती. तिथं होळीच्या दिवशीचा आकडा होता. एकशे नव्वद. मशीननं तो दाखवला तेव्हा मेघा म्हणाली होती, "घाबरू नका बाबा, गोळीनं येतं खाली." पण नानांना एवढंच माहीत होतं की कुठलंही यंत्र त्या आकड्याला गेलं की बंद करतात आणि उघडतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन डब्यात घातलं, ते परत काढलं नाही. गोळी तळहातावर आली की तो आकडा दिसे. म्हणून मंजुळाबाई रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला देत, त्यातलं पाणी ते पीत आणि गोळी कूलरच्या टाकीत टाकत. कूलर यंदा एकदाही तापला नाही.

"आली का गाडी?" कुणीतरी लांबून विचारलं.

आवाज उबदार होते, बोटं घट्ट होती. आता काहीच सांगायला नको, असं नानांना वाटलं. सिस्टरनंच बोलू नका म्हटलेलं. डोळे मिटायचे, रांगेतून चालत राहायचं. पण हॉलच्या पलीकडे, लांब, काचेमागे कुणीतरी बसलं होतं. नाना लिहितील तो आकडा खरा धरूनच ते वाफेच्या झडपेचं चाक फिरवणार होतं. नवीन पोरांना नाना हेच सांगत आले होते. आणि काचेमागे डॉक्टर दिपमाला होत्या, हातात वही.

नानांनी हात वर केला.

"बोलू नका, नाना."

"खोटं शे." नाक बंद असल्यानं आवाज रांजणातून आल्यासारखा आला.

"काय खोटं?"

"वही. बठ्ठी. गोळ्या कूलरमा टाक्यात. होळीपासीन."

सिस्टरची बोटं तसूभरही सैल झाली नाहीत.

"एकही घेतली नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

नानांनी मान हलवायचा प्रयत्न केला, पण नाक सिस्टरच्या ताब्यात होतं. मग त्यांनी एक बोट वर करून डावीउजवीकडे हलवलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी वही मिटून मंजुळाबाईंच्या हातात दिली. "मग उलगडलं. सिस्टर, गाडी थांबू दे. आधी रक्त थांबवू, बीपी सावकाश खाली आणू. जळगावचं मग बघू."

पंधरा मिनिटं झाली. मागून अजून झिरपत होतं. डॉक्टरांनी औषधात भिजवलेली लांबच लांब पट्टी घडी घडी करत नाकात खोलवर भरली. नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पट्टीचंच होतं, असं सगळ्यांनी धरून चाललं. सलाइन लागलं. चारच्या सुमारास घसा कोरडा दिसला. आकडा एकशे बहात्तरवर आला होता. "उद्यापर्यंत इथंच," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मंजुळाबाईंनी वही पिशवीत खोल कोंबली. याच वहीतले आकडे त्या दर रविवारी फोनवर मेघाला वाचून दाखवत. चष्मा लावून, तारखेसकट.

त्यांनी नानांचा शर्ट उतरवला. सलाइनच्या नळीतून बाही कशी काढायची हे सिस्टरला विचारून घेतलं. मोरीत गार पाणी धरून, पुन्हा पुन्हा चोळून रक्त काढलं. शर्ट पिळला, झटकला आणि खिडकीच्या गजांवर पसरून उडू नये म्हणून दोन्ही बाह्या धरून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ नानांकडे होती.

"मंजुळा," नाना तोंडानं श्वास घेत म्हणाले. "माले भ्याव लागे."

त्या वळल्या नाहीत. बाहेरून झळांचा वारा येत होता. त्या वाऱ्यात शर्ट वाळायला पाच मिनिटं पुरतात. मंजुळाबाई अर्धा तास झाला तरी बाह्या धरून उभ्या होत्या.