साठ किलोचा माणूस

मी इंजिन बोलतोय. आधी मोटारसायकलला होतो, मग विमानाला होतो, आणि आता लातूरच्या एका शिकवणीत टेबलावर आहे. हदगाव, बिलोली, कुठून कुठून आलेली मुलं माझ्याकडे बोट दाखवून हसतात. हसोत बापडी. त्यांच्यातला एकही माझ्याएवढा उंच गेलेला नाही.

मन्मथ सरांनी मला शहाऐंशी साली घेतलं. सर भौतिकशास्त्र शिकवायचे. नवीन लग्न झालेलं, त्यामुळे मागे नीलम्माबाई बसायच्या. त्यांचं माहेर किल्लारीच्या अलीकडे. महिन्यातून एक खेप ठरलेली. जाताना बाई अखंड बोलायच्या, येताना गप्प. माहेरून निघालेल्या बाईचं ओझं जास्त भरतं, हे मी अनुभवानं सांगतो. डाळ, गूळ, शेंगा, वर लोणच्याची बरणी.

त्र्याण्णवला भूकंप झाला. बातमी कळताच सरांनी मला एका किकमध्ये चालू केलं. आम्ही पोचलो तेव्हा गावाच्या जागी दगडमातीचे ढीग होते. बाईंचे आई, वडील, भाऊ, कुणी उरलं नव्हतं. परतीच्या वाटेवर बाईंच्या हातात पिशवी नव्हती. पुढे त्या माझ्यावर कधी बसल्या नाहीत आणि गावाचं नावही त्यांनी काढलं नाही. त्यांना दुखेल म्हणून सरांनीही काढलं नाही. माणसांना वाटतं, न बोललं की जखम भरते.

सरांनी स्कूटर घेतली. माझा सांगाडा गंजला, तो भंगारात गेला आणि मी तेवढा पोत्याखाली राहिलो. इकडे लातूरला शिकवण्यांचा सुकाळ झाला. सरांच्या दोन बॅचच्या चार झाल्या. सगळ्यांची मुलं इंजिनिअर करता करता सरांना एक दिवस वाटलं, आपण आयुष्यभर फळ्यावरच विमानं उडवली. एक तरी खरं उडवू.

मला पोत्याखालून काढलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंढरी वेल्डरनं पाइप जोडले, एका सुतारानं लाकडी पंखा कोरला आणि पंखांचं कापड बाईंनी शिलाई मशीनवर शिवलं. मला बसवलं चालकाच्या पाठीमागे. विमान हिवाळाभर माळावर अर्ध्या रेसवर नुसतं जमिनीवरून पळवलं. त्या वेळी आत बाई बसायच्या, कारण सरांना बाहेर उभं राहून चाकं आणि पंखा बघायचा असायचा. त्यामुळे विमान वळवायचा दांडा आणि रेस बाईंच्या हातात चांगलीच बसली. सरांच्या ते ध्यानात आलं नाही.

मुदत मात्र जूनपर्यंतच होती. शेडमध्ये पाचवी बॅच बसणार होती, बाकं सांगून झाली होती. त्याआधी उडालं तर उडालं, नाहीतर पाइप भंगारात जाणार होते.

मे महिन्यात एका सकाळी सर आत बसले. मी जीव तोडून फिरलो. माळ संपला तरी चाकांनी जमीन सोडली नाही. सलग तीन दिवस तेच. सरांनी माझा प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, मला दोन शिव्याही दिल्या. शेवटी पंढरीनं हिशेबाची वही उघडली. पाइप, कापड, पेट्रोल, मी, सगळ्यांची वजनं तोळ्यामाशापर्यंत धरलेली होती. खाली लिहिलं होतं, चालक साठ किलो.

"सर," पंढरी म्हणाला, "तुमी साठ किलोचे कवा होते?"

सर चपापले. लिफ्टमध्ये उभा असो की दोरीला लटकलेला, त्यांच्या गणितातला माणूस कायम साठ किलोचाच असायचा. सर भरले चौऱ्याऐंशी. त्यांनी दोन आठवडे भात सोडला, दोन किलो उतरले. जून चार दिवसांवर आला. त्यांचं तोंड बघवत नव्हतं, आणि मला सहसा कुणाचं काही वाटत नाही.

"मी बसते," बाई म्हणाल्या. "छप्पन्न हाय मी. उडतंय का तेवढं तरी कळंल."

"अगं, पडलीस म्हणजे?"

"तुम्ही पडणार नव्हते का?"

सरांनी पंखा हातानं फिरवून मला चालू केलं. बाईंनी पदर कमरेला खोचला आणि रेस दिली. अर्ध्या माळावर चाकांचा खडखडाट एकदम थांबला. मी इतकी वर्षं फिरलो, पण तसा हलका कधी झालो नव्हतो. दहा-बारा फूट वर, फार तर वीस सेकंद. मला बाईंची पाठ तेवढी दिसत होती. त्या खाली बघत नव्हत्या. मान ताणून दक्षिणेकडे बघत होत्या. मग आम्ही दोन उड्या मारत खाली आलो.

सर धापा टाकत पोचले. "काय वाटलं वर?"

"गाव दिसतंय का बघितलं," बाई म्हणाल्या. "न्हाई दिसलं."

"वहिनी, एवढ्या उंचीवरनं गाव कुठं दिसतंय," पंढरी म्हणाला.

सर विमानाला धरून म्हणाले, "आठ वर्षं झाली. एकदा तरी म्हणायचं होतंस, गावाला न्या म्हणून."

"तुम्ही विमान करत होते."

सर पुन्हा आत बसले नाहीत. जूनमध्ये बाकं आली, पाइप गेले, मला पुसून टेबलावर ठेवलं. तेव्हापासून महिन्यातून एक रविवार शिकवणी बंद असते. दोघं एसटीनं जातात. औशाला गाडी बदलतात, पुढचं उन्हातान्हात पायी. आता तिथे बाभळीच आहेत म्हणे. तरी जातात.

वाचणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. कुणाकडे जुन्या मोटारसायकलचा सांगाडा पडून असेल तर सरांना कळवा. पिस्टन अजून शाबूत आहे. मला उडायचं नाही, पण त्या गावचा रस्ता मला पाठ आहे.